आधी पाणसळ, मग पाइप

जुलै अर्धा सरला की वसईतल्या नंदाखालच्या एखाद्या वाडीत जाऊन विहिरीत डोकवावं. मे महिन्यात जिथे पोहऱ्याचा दोर हातातून सरसर सरकत होता, तिथे पाणी काठाजवळ येऊन स्वस्थ बसलेलं दिसतं. कित्येक विहिरींत तर वाकून तांब्या बुडवावा. अंगणात पाणी का तुंबतं, या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या विहिरीत आहे. जमिनीच्या पोटात जागा उरलेली नाही, मग वरून आलेलं पाणी जाणार कुठे?

उरलेलं निम्मं उत्तर फाटकाबाहेर, रस्त्यावर सापडतं. दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवं डांबर येतं, मग त्यावर काँक्रीट. प्रत्येक थर रस्त्याला काही इंच वर नेतो आणि घर आहे तिथेच राहतं. ज्या घरांच्या ओट्यावर जायला रस्त्यावरून तीन पायऱ्या चढाव्या लागत, त्यांतल्या काही घरांत आता फाटकातून खाली उतरून अंगणात शिरावं लागतं. घर खचलं, असं लोक म्हणतात. बहुतेक वेळा घर खचलेलं नसतं, रस्ता चढलेला असतो.

ही पुस्तिका अशा अंगणांसाठी आहे. एक-दोन गुंठ्यांचं आवार, मागे केळी-नारळाचा तुकडा, एका कडेला विहीर, दुसऱ्या कडेला शेजाऱ्याची भिंत आणि चार महिने घोट्याएवढं पाणी. पाइप किती इंची घ्यावा, चर किती खोल खणावा, खडी कोणती, चेंबर कुठे, हे सगळं पुढच्या पानांत आहे. ते वाचण्याआधी थोडं थांबवतो, कारण पाइपापासून सुरुवात केलेली कामं मी बरीच पाहिली आहेत, त्यांतलं एक माझ्याच अंगणातलं.

वसईचा हा पट्टा पाण्यानं तिन्ही बाजूंनी बांधलेला आहे. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, म्हणजे तिकडचंही पाणी उतरून इकडेच येतं. समुद्राकाठी रेताड जमीन, तिच्यामागे सखल भाग, त्यापलीकडे खाजणं आणि मिठागरं. पावसाळ्यात इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो समुद्राला मिळायचा तर खाडीच्या तोंडातूनच. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की खाडी पाणी घेत नाही, उलट देते. अशा वेळी गटार कितीही रुंद असो, त्यातलं पाणी ओहोटीची वाट पाहत उभं राहतं. गावाच्या नावातला ‘खाल’ कुठून आला यावर जाणकारांनी खुशाल वाद घालावा. अंगणातलं पाणी चपलेत शिरलं की मला त्या वादात फारसा रस उरत नाही.

आपल्या आधीच्या पिढ्यांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांनी पाणी घालवण्यापेक्षा त्याला जागा देण्याची सोय केली. घराचं जोतं उंच. अंगण सारवलेलं आणि घरापासून लांब जाताना किंचित उतरतं. कौलांवरच्या पागोळ्या ओळीनं पडत, त्यांच्या खाली जमिनीत आपोआप एक पन्हळ कोरली जाई, आणि छपरावरचं पाणी साऱ्या घराभोवती विभागून उतरे. न्हाणीचं पाणी अळवाला आणि केळीला. केळीच्या दोन रांगांमधला पाट उन्हाळ्यात विहिरीचं पाणी आणायचा आणि पावसाळ्यात तोच जास्तीचं पाणी न्यायचा. एकाच चरानं दोन ऋतूंत दोन उलटी कामं करायची ही हुशारी मला अजूनही थक्क करते. हौसेनं केलेली नव्हती ती. केळीच्या मुळाशी पाणी थांबलं तर केळ सडते, आणि पानवेलीचं तर विचारूच नका. तिला ओल हवी, पण पाय पाण्यात नकोत. मूळकूज लागली की मांडवच्या मांडव बसतो. ज्याचं पोट पानवेलीवर, त्याला निचरा शिकवायला पुस्तिका लागत नव्हती.

आणि बावखलं. वसईबाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं की बावखल म्हणजे वाडीतलं खोदलेलं तळं. विहिरीहून रुंद, तलावाहून लहान, बहुधा बांधीव कठडा नसलेलं, काठाला माड आणि करंज. पावसाचं आणि जमिनीतल्या झऱ्यांचं पाणी त्यात जमे. हिवाळा-उन्हाळ्यात रहाटानं ते उपसून वाडी शिंपायची. आपण बावखलाकडे नेहमी सिंचनाची सोय म्हणून पाहिलं. पावसाळ्यात ते काय करत होतं, याचा हिशेब कुणी मांडला नाही. तो मांडू.

एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. त्यावर दिवसभरात 100 मिलिमीटर पाऊस पडला, आणि जुलैत तो आपल्याकडे अनेकदा पडतो, तर साधारण दहा हजार लिटर पाणी जमतं. दहा हजार लिटर म्हणजे एक मोठा टँकर. वसईकराला टँकर समजावून सांगावा लागत नाही. याच गावांच्या विहिरींतून पाणी उपसून टँकर इमारतींकडे धावले आणि त्यावरून इथे आंदोलनं झाली. तर असा एक भरलेला टँकर एका दिवसात तुमच्या एका गुंठ्यावर रिकामा होतो. दहा गुंठ्यांच्या वाडीवर दहा टँकर. आता चाळीस फूट लांब, तीस फूट रुंद असं एक मध्यम बावखल घ्या. त्यातलं पाणी तीन फूट चढलं, तर लाखभर लिटर पाणी त्यात मावलं. म्हणजे गुंठाभर जागेवरचं बावखल दहा गुंठ्यांवरचा त्या दिवसाचा सगळा पाऊस पोटात घेऊ शकत होतं, आणि ओढे-नाल्यांवर ताण येण्याआधी एक भरती टळत होती. ऑगस्टमध्ये तेही काठोकाठ भरे, हे खरं. तेव्हा त्याच्या सांडीतून पाणी पुढे जाई, पुढच्या बावखलात किंवा ओहोळात. पण तोवर पावसाचा पहिला जोर ओसरलेला असे.

बरीच बावखलं बुजली. रहाट गेले, विजेचे पंप आले, बोअर आली, आणि पाणी देण्याचं काम संपल्यावर बावखल म्हणजे डासांचा खड्डा आणि मुलांना धोका असं वाटू लागलं. भरावाचा ट्रक स्वस्त होता. गुंठ्याला भाव आला होता. 1990मध्ये या भागाच्या नियोजनाची सूत्रं सिडकोकडे गेली. त्याच्या आगेमागे हरित पट्टा वाचवण्यासाठी हरित वसई संरक्षण समितीचा लढा उभा राहिला. त्याचं नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच नंदाखालचे. त्या लढ्याकडे आपण झाडं आणि बिल्डर यांच्यातलं भांडण म्हणून पाहतो. मला तो आता सखल जागेचा लढाही वाटतो. झाड तोडलं की दिसतं. सखल जमिनीवर चार फूट भराव पडला की तिथे राहणारं पाणी कुठल्या अंगणात गेलं, ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत कळत नाही.

2018च्या जुलैत ते एकदम सगळ्यांना कळलं. 9 आणि 10 जुलैला नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, वसईच्या मिठागरांत माणसं अडकली, मोठ्या भागाची वीज गेली. नंतर महापालिकेनं आयआयटी मुंबई आणि नीरी या संस्थांना कारणं आणि उपाय शोधायला सांगितलं. त्यांच्या उपायांत धारण तलाव हा शब्द होता. पावसाचं पाणी भरतीच्या वेळी धरून ठेवायचं आणि ओहोटीला सोडायचं, त्यासाठीची जागा. तो शब्द वाचला तेव्हा मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. आजोबांनी खणलेलं बाबांनी बुजवलं, आणि आता त्याच कल्पनेचा थोरला भाऊ सरकारी कागदातून परत येत होता.

पण एका घराच्या अंगणासाठी धारण तलावाची वाट पाहत बसता येत नाही. तेव्हा आपल्या आवाराकडे वळू.

पहिली गोष्ट छपराची. कौलांच्या जागी स्लॅब आली. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर तासाला 50 मिलिमीटरची सर कोसळली तर तासाभरात साडेचार हजार लिटरच्या वर पाणी होतं. ते दोन पाइपांतून दोन कोपऱ्यांत पडतं. पागोळ्यांनी जे काम शंभर ठिकाणी वाटून घेतलं होतं, ते आता दोन ठिकाणी एकवटलं. बहुतेक अंगणांतलं डबकं या दोन कोपऱ्यांपैकी एकात जन्मतं. वर अंगणाला कोबा किंवा पेव्हर ब्लॉक, आणि तोही गवंड्यानं नजरेनं बसवलेला. कुठे पाण्याचा उतार घराकडेच.

बाजारात गेलात तर सगळे दोन उपाय सांगतील. एक, छिद्रांचा पाइप घातलेला खडीचा चर, ज्याला ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणतात. फ्रान्सशी त्याचं काही नातं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये हेन्री फ्लॅग फ्रेंच नावाचे वकील, न्यायाधीश आणि हौशी शेतकरी होते. त्यांनी 1859मध्ये शेतातल्या निचऱ्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून चराला त्यांचं आडनाव चिकटलं. कल्पना जुनीच होती, त्यांनी ती नीट मांडली. चर उत्तम आहे, पण त्याच्याकडून भलती अपेक्षा नको. तीस-बत्तीस फूट लांब, फूटभर रुंद, दीड फूट खोल असा चर खडीनं भरला, तर खडीच्या फटींत पाचशे-साडेपाचशे लिटर पाणी मावतं. आणि पाऊस टँकरभर. म्हणजे चर पाणी साठवत नाही, नुसतं हलवतो. त्याचं दुसरं टोक कुठे उघडतं, हाच सगळा प्रश्न.

आपल्या रेताड जमिनीत त्याचा आणखी एक शत्रू आहे. बारीक रेती खडीत शिरते आणि दोन-तीन पावसाळ्यांत चर मुका होतो. म्हणून खडीभोवती जिओटेक्स्टाइल कापड हवंच. काथ्याची जाळी वापरणारे आहेत, ती स्वस्त पडते, पण ती कुजते हे मनात धरून वापरावी. पाइपाची छिद्रं खाली ठेवायची. हे ऐकून प्रत्येक मजूर आपल्याकडे संशयानं बघतो. पाणी चरात तळापासून वर चढतं आणि खालच्या छिद्रांतून पाइपात शिरतं. वर छिद्रं ठेवली तर चर अर्धा भरेपर्यंत पाइप कोरडा राहतो आणि वरून गाळ मात्र आत पडतो. नारळाच्या बुंध्याजवळून पाइप नेऊ नये, हेही इथेच सांगून टाकतो. माडाच्या मुळ्यांना पाण्याचा वास लागतो.

दुसरा उपाय शोषखड्ड्याचा. नांदेड जिल्ह्यातल्या गावांनी घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारं बंद केली, डास घटवले, आणि राज्यभर त्याचं कौतुक झालं. कौतुक योग्यच. पण तिथलं सांडपाणी म्हणजे दिवसाच्या काही बादल्या, आणि जमिनीखालचं पाणी खोल. नंदाखालला जुलैत खड्डा चार फूट खणला की बरेचदा खालूनच पाणी वर येतं. भरलेल्या पेल्यात पेला बुडवून तो पाणी शोषेल अशी आशा करण्यासारखं ते आहे. इथे शोषखड्डा चालतो तो उथळ, पसरट, आणि उंचवट्याच्या रेताड जागी. चालेल की नाही, याची परीक्षा सोपी आहे. फूटभर खड्डा खणायचा, एकदा पाणी भरून जिरू द्यायचं, पुन्हा भरायचं आणि तासाभरात किती उतरलं ते पट्टीनं मोजायचं. अट एकच. ही परीक्षा मे महिन्यात घेऊ नये. मे महिन्यात वसईतला प्रत्येक खड्डा पास होतो. आणि शोषखड्डा विहिरीपासून जितका लांब नेता येईल तितका न्यावा, त्यात न्हाणीचं किंवा संडासाचं पाणी चुकूनही सोडू नये. जुलैत त्या खड्ड्यातलं पाणी आणि विहिरीतलं पाणी एकमेकांचे शेजारी असतात.

मग उरतो तो उतार, आणि इथेच माझा खरा आग्रह आहे. आपल्या गवंड्यांकडे दोन मापं आहेत, तेवढी पुरतात. एक सूत. आठ सुतांचा इंच. दर फुटाला एक सूत उतार ठेवला तर शंभराला साधारण एक असा उतार मिळतो, पाइपाला आणि लांबच्या चराला तो पुरे. घराच्या जोत्यापासूनच्या पहिल्या दहा फुटांत मात्र सहा इंच उतार हवा. तो असेल तर निम्म्या घरांना पाइपाची गरजच पडत नाही. दुसरं माप पाणसळ. पारदर्शक नळी, त्यात पाणी, दोन टोकांना दोन माणसं. लेझरची यंत्रं आली आहेत, ती बरी आहेत, पण पाणसळ कुणाशी खोटं बोलत नाही आणि तिची बॅटरी उतरत नाही. पहिली जोराची सर आली की छत्री घेऊन अंगणात उभं राहावं, पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून निघून जाऊ पाहतं, तिथे तिथे खुंट्या ठोकाव्यात. पाऊस थांबल्यावर खुंटी ते खुंटी पाणसळ लावावी. नकाशा तयार. मी ओळखतो त्यांतले बहुतेक लोक त्या वेळी खिडकीतून बघत चहा घेतात. मीही तेच करत होतो.

अंगणातलं घोट्याएवढं पाणी घालवण्याची घाई कशासाठी, असं विचारणारे भेटतात. चार दिवसांनी जातंच की. पण एडिस डासाला अंडी ते डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि ज्या अंगणात दर सरीनं पुन्हा भर पडते तिथे ते आठ-दहा दिवस सहज मिळतात. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलं की लेप्टोस्पायरोसिस, आणि तो पायाच्या भेगेतून शिरतो. म्हणून डबक्याला दोन दिवसांची मुदत, त्याहून जास्त नाही.

आता शेजारी. या पुस्तिकेत कायद्याचं प्रकरण लहान आहे, पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 1882च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात एक साधं तत्त्व लिहून ठेवलं आहे. वरच्या जमिनीवर पडलेलं, ठरावीक प्रवाहात नसलेलं पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर वाहत येत असेल, तर खालच्या मालकानं ते येऊ द्यायला हवं. मुंबई इलाख्याला मात्र हा कायदा 1891मध्ये लागू झाला. यातला ‘नैसर्गिकपणे’ हा शब्द दोन्ही बाजूंनी कापतो. खालच्यानं भिंत घालून वाट अडवायची नाही, आणि वरच्यानंही चार इंची पाइपातून सगळं पाणी एकवटून शेजाऱ्याच्या केळीवर सोडायचं नाही. शेतजमिनीवर किंवा झाडा-पिकांच्या जमिनीवर कुणी अशी वाट अडवली आणि त्यानं नुकसान होत असेल, तर 1906च्या मामलेदार न्यायालय कायद्यानुसार तहसीलदाराकडे दाद मागता येते, तो अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतो. वाड्यांच्या गावाला हे कलम कामाचं आहे. पण कोर्टाची तारीख ऑक्टोबरात पडते आणि पाणी जुलैत, हे ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

माझ्या अंगणाचं सांगून थांबतो. दोन पावसाळे आमच्याकडे पाणी तुंबलं आणि दोन्ही पावसाळे मी ठासून सांगत राहिलो की पलीकडच्या वाडीनं भराव घातला, म्हणून आमचं पाणी जात नाही. एका ठेकेदाराला पैसे देऊन मी चाळीस फूट पाइपही पुरून घेतला. तो पाइप पावसाळाभर भरलेला असायचा, बाटलीसारखा. पलीकडचे काका सत्तरी ओलांडलेले, आमचं बोलणं जवळजवळ बंद झालेलं. एके दिवशी सकाळी ते नळी खांद्यावर टाकून आले. “धर एक टोक,” म्हणाले. मी माझ्या कोपऱ्यात, ते त्यांच्या केळीच्या पाटाजवळ. दोघांनी अंगठे काढले, पाणी नळीत वर-खाली झालं आणि थांबलं. माझी जमीन त्यांच्यापेक्षा चार बोटं उंच निघाली. त्यांच्याकडे भराव नव्हताच. मधे होता तो माझ्या कंपाउंडचा पाया, तीन वर्षांपूर्वी घातलेला, सलग, एकही मोरी न ठेवलेला.

काकांनी नळी गुंडाळली, पायाकडे एकदा बघितलं आणि नातवाला पहार आणायला पाठवलं.